दुसरा राऊटर डेडस्टॉकमध्ये

पाऊस लागला की भोरमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. भाटघर धरणाची पाणीपातळी रोज पेपरात येऊ लागते आणि माझा मोबाइल वाजू लागतो. मी नेटची कामे करतो. आधी केबल टीव्हीच्या तारा ओढायचो, आता इंटरनेटच्या ओढतो. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून बावीस वर्षे हाच धंदा. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचे. पण गिऱ्हाईक फोनवर ‘वेल्ह्यातून बोलतोय’ असेच म्हणते, म्हणून मीही तेच लिहितो.

गेल्या पावसाळ्यातला एक फोन असा होता : “सकाळपासून सर्व्हर डाऊन आहे. जरा येऊन जाता का?”

आता सर्व्हर खरेच डाऊन असेल तर मी जाऊन काय करणार? सर्व्हर मुंबईत नाहीतर पुण्यात, आणि मी स्कूटरवर. तरी गेलो. कचेरीचे नाव घेत नाही. दारावर स्केचपेनने लिहिलेला कागद डकवला होता, ‘सर्व्हर डाऊन. सहकार्य करावे.’ ओसरीत वीस-पंचवीस माणसे. त्यात हिरडस मावळातून पहिल्या एस.टी.ने आलेले एक आजोबा आणि त्यांची नात. तिला कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. आजोबा गप्प बसून होते. नात दर पाच मिनिटांनी खिडकीत डोकावून यायची.

मी आत गेलो आणि आधी स्वतःच्या मोबाइलवर तीच वेबसाइट उघडली. दोन सेकंदांत पान आले. सर्व्हर ठणठणीत होता. कोपऱ्यातल्या राऊटरचा मात्र एकही दिवा लागत नव्हता. रात्री लाईट दोन-तीनदा आली-गेली, त्यात त्याचा अ‍ॅडाप्टर जळाला होता. अ‍ॅडाप्टर म्हणजे तीनशे रुपयांची वस्तू.

“दुसरा राऊटर आहे की आपल्याकडे,” क्लार्क म्हणाला.

“कुठंय?”

“कपाटात. डेडस्टॉकला नोंद आहे त्याची. किल्ली भाऊसाहेबांकडं.”

भाऊसाहेब मीटिंगला पुण्याला गेले होते. मी पिशवीतला माझा अ‍ॅडाप्टर काढून जोडला आणि दिवे लागले. तोवर दुपारचा दीड वाजला होता. ओसरीत आलो तर आजोबा आणि नात निघून गेले होते. दोनची गाडी चुकली असती तर पुढची मुक्कामीच.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कचेरीने काटकसर केली होती असे नव्हते. दुसऱ्या राऊटरचे पैसे खर्च झाले होते, पावती फाडली होती, डेडस्टॉकला, म्हणजे कचेरीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, नाव चढले होते. पर्याय विकत घेतलेला होता. फक्त तो पर्याय म्हणून जोडलेला नव्हता.

जरा तांत्रिक बोलतो. कचेरीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला बाहेर जाण्यासाठी एक पत्ता सांगून ठेवलेला असतो. त्याला आम्ही डिफॉल्ट गेटवे म्हणतो, म्हणजे ठरलेली वेस. गावातून बाहेर पडायचे तर या वेशीतूनच. कॉम्प्युटर हुशार असतो असा समज आहे, पण वेशीच्या बाबतीत तो अगदी सांगकाम्या. वेस बंद दिसली म्हणून दुसरी शोधायची हे त्याला सुचत नाही. तो त्याच बंद दारावर धडका देत राहतो आणि पडद्यावर चाक फिरत राहते. खिडकीच्या अलीकडच्या माणसाला चाक दिसते, पलीकडच्याला ‘सर्व्हर डाऊन’ ऐकू येते. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणायचे, त्याची जागा या वाक्याने घेतली आहे. साहेब निदान कधीतरी परत यायचे आणि त्यांना जाब विचारता यायचा. सर्व्हर कुणी पाहिलेलाच नाही.

यावर उपाय फार जुना आहे. दोन राऊटर ठेवायचे आणि कॉम्प्युटरला दोघांपैकी कुणाचाच खरा पत्ता द्यायचा नाही. दोघांत मिळून एक तिसरा, मानाचा पत्ता ठेवायचा. गिऱ्हाइकाला समजावताना मी पालखीचे उदाहरण देतो. गावदेवाची पालखी निघाली की भोई बदलतात, पण पालखी खाली टेकत नाही. एकाचा खांदा सुटायच्या आत दुसऱ्याचा खाली आलेला असतो. दर्शन घेणाऱ्याला पालखी दिसते, खांदा कुणाचा हे तो बघत नाही. तो मानाचा पत्ता म्हणजे पालखी आणि दोन राऊटर म्हणजे भोई.

पहिला राऊटर दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देतो. दुसरा नुसता ऐकत बसतो. तीन हाका चुकल्या आणि वर सेकंदाचा थोडा भाग गेला की तो पुढे होऊन पत्ता आपल्याकडे घेतो. नेहमीच्या सेटिंगला हे सगळे पावणेचार सेकंदांच्या आत होते. भरत असलेले पान एखादे वेळी पुन्हा उघडावे लागते, लॉगिन पुन्हा करावे लागते. पण दारावर कागद डकवावा लागत नाही. सिस्को कंपनीने अशी पद्धत आधीच काढली होती. १९९८ साली व्हीआरआरपी या नावाने सर्वांसाठी मानक प्रसिद्ध झाले. पेटंटचा वाद निघाला तेव्हा ओपनबीएसडी ही मोफत कार्यप्रणाली बनवणाऱ्या मंडळींनी २००४ साली कार्प नावाची वेगळी, फुकट वापरता येणारी पद्धत लोकांपुढे ठेवली. आज पाच-सात हजारांच्या राऊटरमध्येही ही सोय असते. म्हणजे अडचण तंत्राची नाही आणि फारशी पैशाचीही नाही. अडचण आहे ती ‘नेट गेले तर कुणीतरी बघेल’ या सवयीची.

गंमत अशी की या सवयीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा भोरच्या माणसाला घरबसल्या मिळतो. भाटघर भरले की बातमी येते : धरणाचे पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे उघडले. स्वयंचलित या शब्दाकडे आपण आता बघतही नाही. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की दरवाजा उघडतो. मध्यरात्री मुसळधार पावसात कुणी किल्ली शोधत नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसले तेही आपल्याच बाजूला, खडकवासल्यावर, १९०३ साली. पूर माणसाची वाट बघत नाही हे या खोऱ्यांना एकशे वीस वर्षांपूर्वी कळले होते. आणि त्याच खोऱ्यांतल्या कचेरीत आज पाच हजारांच्या पेटीसाठी आपण भाऊसाहेबांची वाट बघतो.

मात्र दोन पेट्या आणून ठेवल्या की झाले, असे मी म्हणणार नाही. ते कसे फसते हे मी स्वतःच्या हाताने शिकलो आहे.

एका पतसंस्थेत मी मोठ्या अभिमानाने दोन राऊटर बसवले. मॅनेजरसमोर एकाचा प्लग काढला, नेट चालू राहिले. टाळ्या, चहा. तीन आठवड्यांनी संस्थेचे नेट पूर्ण बंद. जाऊन बघतो तर दोन्ही राऊटर मी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेले, आणि बोर्डाचे बटण झाडू मारताना बंद झालेले. दोन भोई होते, पण एकाच फळीवर उभे होते. चूक सर्वस्वी माझी. त्या दिवसापासून मी दोन राऊटरना दोन वेगळे पॉइंट आणि त्यांतल्या एकाला वेगळी बॅटरी देतो.

ही चूक माझ्यासारख्या छोट्या माणसाचीच होते असेही नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. त्यांच्याकडे एका नव्हे, दोन टेलिकॉम कंपन्यांच्या तारा होत्या. दोन्ही गडबडल्या. रस्त्यावरचे खोदकाम हे कारण पुढे सांगितले गेले. त्यावर त्यांच्या यंत्रणेतला आणखी एक घोटाळा, आणि एवढा मोठा बाजार चार तास बंद. कंपन्या दोन असल्या तरी जमीन तीच आणि कुदळही तीच.

वेल्ह्याच्या माणसाला तर हे सांगायची गरजच पडू नये. १२ जुलै १९६१ ला तालुक्यातले पानशेत धरण फुटले तेव्हा खाली खडकवासला धरण होतेच. पण वरून आला तो तोच लोंढा, आणि खडकवासलाही त्याच दिवशी फुटले. एकाच पाण्याच्या वाटेवर उभी असलेली दुसरी भिंत अशा वेळी पर्याय ठरत नाही.

आपल्याकडच्या तारांचे तसेच आहे. वेल्ह्याला नेट येते ते बहुतेक नसरापूरकडून आणि भोरला कापूरहोळकडून. दोन कंपन्यांचे कनेक्शन घेऊन निर्धास्त झालेल्या माणसाला मी विचारतो, तारा कुठल्या चारीतून येतात ते बघितले का? रस्ता रुंद करायला जेसीबी आला की तो कंपनी विचारून बकेट टाकत नाही. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की खांबावरची तार वितळते, मग ती कुणाचीही असो. वळवाच्या पहिल्या गडगडाटात पोर्ट जळतात. म्हणून दुसरी वाट खऱ्या अर्थाने दुसरी हवी. वेल्ह्यात पहिली नसरापूरकडून असेल तर दुसरी पाबे घाटाकडून यावी. तार शक्य नसेल तर हवेतून, मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या राऊटरने. राजगड किल्ल्याचा पाली दरवाजा एका बाजूला आणि गुंजवणे दरवाजा दुसऱ्या बाजूला काढणाऱ्यांना हा हिशोब कळत होता.

तिसरी चूक याहून फसवी. पहिला राऊटर जिवंत आहे, दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतो आहे, पण त्याच्या पुढची तार तुटलेली आहे. दुसरा हाक ऐकतो आणि स्वस्थ बसतो. कचेरीतले सगळे दिवे हिरवे, आणि नेट नाही. वरंधा घाटाचे असेच होते. भोरच्या नाक्यावर रस्ता मोकळा दिसतो म्हणून नवखा गाडीवाला महाडला निघतो आणि घाटात दरडीपाशी पोचल्यावर माघारी वळतो. म्हणून तर पावसाळ्यात घाट बंद असल्याचा फलक अलीकडेच लावतात. राऊटरलाही तसे शिकवावे लागते : नुसता जिवंत आहेस का ते सांगू नकोस, पुढे घाटापलीकडे आवाज पोचतो का ते बघ, पोचत नसेल तर हाक देणे थांबव आणि दुसऱ्याला पुढे येऊ दे. हे सेटिंग दहा मिनिटांचे आहे. मी पाहिलेल्या निम्म्या ठिकाणी ते केलेले नसते.

चौथी गोष्ट खास आपल्या हवेची. बंद पडलेला पहिला राऊटर परत जिवंत झाला की त्याने लगेच गादी मागायची का? पुस्तकात उत्तर हो असे असते. वेल्ह्यात पावसाळ्यात लाईट तासाला चारदा येते-जाते. प्रत्येक वेळी थोरला उठणार, गादी घेणार, पुन्हा झोपणार, आणि प्रत्येक अदलाबदलीत खिडकीतल्या माणसाचा अर्ज मध्येच लटकणार. म्हणून मी तिथे नियम बदलतो. ज्याच्याकडे कारभार आहे त्याने तो निमूट चालवावा. परत आलेल्याने गप ऐकत बसावे, गरज पडेल तेव्हा उठावे.

आणि पाचवी, जी मला सर्वांत उशिरा कळली. अदलाबदल इतकी गुपचूप होते की पहिला राऊटर मेलेला आहे हे कुणाला कळतच नाही. त्याच पतसंस्थेत पुढे असे झाले. पहिला बंद पडला, दुसऱ्याने कारभार घेतला, आणि महिनाभर सगळे खूश. म्हणजे महिनाभर ती संस्था पुन्हा एकाच खांद्यावर होती आणि कुणालाच ठाऊक नव्हते. आता तिथला शिपाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, संस्था उघडायच्या आधी, एका राऊटरचा प्लग काढतो, नेट चालते का बघतो, परत लावतो आणि दुसऱ्याचा काढतो. वहीत तारीख टाकतो. पाच मिनिटांचे काम. या वहीपेक्षा चांगले यंत्र मला अजून विकता आलेले नाही.

आता मागणी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क मानलेला आहे. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. खिडकीच नेटअभावी बंद असेल तर अर्जच दाखल होत नाही आणि मुदतीचे घड्याळ सुरूच होत नाही. आजोबांचा तो दिवस कुठल्याच हिशोबात नाही. एका माणसाचा बुडालेला रोज, दोघांचे तिकीट, नातीचा चुकलेला दिवस; या कशाचीही नोंद डेडस्टॉक वहीत होत नाही.

दुसरी वाट हवी ही गोष्ट दिल्लीलाही पटलेली दिसते. २०२३ साली केंद्राने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची. त्यात गावोगावी जाणारी तार एका ओळीत न टाकता कड्यासारखी, रिंगमध्ये टाकायचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. चांगले आहे. पण कडे कचेरीच्या भिंतीपर्यंत येते. भिंतीच्या आत पुन्हा एकच पेटी, एकच अ‍ॅडाप्टर, एकच बोर्ड. कोट्यवधींची दुहेरी वाट शेवटच्या दोन मीटरमध्ये एकेरी होते आणि बंद पडते तिथेच.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे : ज्या खिडकीपुढे माणूस रोज बुडवून, एस.टी.ने येऊन उभा राहतो, त्या प्रत्येक खिडकीमागे दोन वेशी असाव्यात. दोन वेगळ्या वाटांवर, दोन वेगळ्या विजेवर, आणि माणसाने हात न लावता बदलणाऱ्या. कंत्राट देताना ‘राऊटर नग दोन’ एवढे लिहून भागणार नाही. ‘एकाचा प्लग काढल्यावर दहा सेकंदांत काम पुन्हा सुरू झाले पाहिजे’ असे लिहा आणि बिल मंजूर करण्याआधी साहेबांनी स्वतः प्लग काढून बघावा. महिन्याला एकदा तीच चाचणी, वहीत तारखेसह.

कुणी म्हणेल, आमच्या गावात एकच तार धड येत नाही, दोन कुठून आणू? बरोबर आहे. पण दुसरी वाट पहिलीइतकी रुंद असायलाच हवी असे नाही. सात-बारा उतरवायला किंवा दाखल्याचा अर्ज भरायला सिनेमाएवढे नेट लागत नाही. कौलावर अँटेना लावून सिमवर मिळणारी हळू लाईनही रांग चालू ठेवते. जिथे खरोखर रेंजच नाही अशी गावे वेल्ह्यात आहेत, हेही खरे. तिथला प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. मी बोलतो आहे ते तालुक्याच्या, बाजाराच्या गावांबद्दल, जिथे दुसरी वाट आहे आणि खोक्यात बंद आहे.

कुणी असेही म्हणेल की हा नेटवाला, स्वतःची पेटी विकायला बघतोय. हिशोब करून सांगतो. दुसरा राऊटर विकून मला एकदाच काहीशे रुपये सुटतात. ‘सर्व्हर डाऊन’च्या फोनवर मात्र दर पावसाळ्यात धावपळीचे पैसे मिळतात. ज्या पतसंस्थेत वही चालू आहे, तिथून गेल्या दोन पावसाळ्यांत मला एकही फोन आलेला नाही.

त्या कचेरीत मी नंतर मुद्दाम गेलो. म्हटले, कपाटातला राऊटर काढून द्या, जोडून देतो, मजुरीही नको. भाऊसाहेब चांगले माणूस आहेत. त्यांनी कपाट उघडून खोके दाखवलेसुद्धा. सीलही तुटलेले नव्हते. म्हणाले, “हा लावला आणि हाही जळाला, तर डेडस्टॉकला काय दाखवू?”

मला उत्तर सुचले नाही. माझा अ‍ॅडाप्टर मात्र अजून तिथेच आहे, चालू राऊटरला जोडलेला. त्याची नोंद कुठेच नाही.